मुऱ्हाळी वेशीवर थांबला

वैशाख आला की आमच्या सातव्या मजल्यावरच्या घराच्या भिंती दुपारी हाताला चटका देतात. सून पडदे ओढते, पंखा वाढवते आणि मला म्हणते, "आई, जरा पडा." मी पडते, पण झोप येत नाही. उशाशी ठेवलेला नातवाचा मोबाईल दर दोन मिनिटांनी टुणटुण करत असतो. कुणाची पिशवी लिफ्टमध्ये राहिली, कुणाला पोळ्या करायला बाई हवी, कुणाचे वडील आज सकाळी गेले. तिन्ही बातम्यांचा आवाज एकच. नातू अंगठ्याने त्या वर सरकवतो आणि पुन्हा खेळायला लागतो. मी त्याला विचारते, कुणाचे वडील रे? तो म्हणतो, बी विंगमधले कुणीतरी.

मला त्याचा राग येत नाही. बातमी पोचली, एवढं तरी झालं.

हीच रहाटणी. मी इथे सून म्हणून आले तेव्हा पन्नास-साठ उंबऱ्यांचं गाव होतं. पवनेच्या बाजूला मळे, मध्ये घरं, आणि वेशीवर मारुतीचं देऊळ. उन्हाळा म्हणजे आमच्याकडे बातम्यांचा हंगाम. रानं मोकळी झालेली, हाताला काम नाही, आणि तोंडाला कुणी सुट्टी दिलेली नाही. विहिरीवर घागर भरेपर्यंत दोन घरांची हालहवाल समजायची आणि ती डोक्यावर चढवेपर्यंत तिसऱ्या घराची. कुणाची म्हैस व्याली आणि रेडा झाला की रेडी, कुणाचा जावई मटणात नळी आली नाही म्हणून रुसून गेला, कोण चिंचवडला जाऊन एकट्याने भजी खाऊन आला. पिंपरीच्या बाजूला औषधाचा मोठा कारखाना झाला होता. तिथे म्हणे उन्हाळ्यातही खोलीत थंडी पाडतात. पारावरच्या म्हाताऱ्यांनी ही बातमी ऐकून घेतली, पण मानली नाही. थंडी काय कुणाच्या बापाची आहे, पाडायला?

गावभर फिरणारी खरी बातमीदार म्हणजे हलिमाबी. ती मणेरीण. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन घरोघर जायची आणि बांगडी चढवताना हात असा दाबायची की बाई दुखणं विसरून बोलायलाच लागायची. आमच्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, म्हणत की हलिमाच्या टोपलीत बांगड्या थोड्या नि बातम्या फार. असं असूनही ती दोन दिवस आली नाही की पहिली चौकशी त्याच करत.

गावात काही म्हणजे काही लपायचं नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण त्या उन्हाळ्यात या गावाने एक गोष्ट चार दिवस लपवून दाखवली. ती माझ्यापासून लपवली.

माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. मी सतरा वर्षांची. माहेर चाकणच्या पलीकडे, बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर. आता नात विचारते, "आजी, चाकण तर इथेच आहे, उठून जायचंस की." तिला काय सांगू? आता चाकणचा रस्ता असा तुंबतो की आमचे बैल पुढे निघून जातील, हे सोडा. पण तेव्हा रस्ता मोकळा होता आणि मला दोन पाय होते. मला कुणी दाव्याला बांधलेलं नव्हतं. तरी मी गेले नाही. लेकीने माहेरी जायचं ते मुऱ्हाळी आल्यावर. माहेरचं कुणीतरी, भाऊ किंवा चुलता, न्यायला येतो, तो मुऱ्हाळी. त्याच्याशिवाय निघाली ती नांदायला कंटाळून पळाली, असाच अर्थ व्हायचा. मग तिच्या आईबापांनी तोंड कुठे लपवायचं? म्हणजे दार उघडं असायचं आणि त्यातून बाहेर पडायची सोय नसायची.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी चाकणच्या बाजाराला बैल बघायला गेलेला एक शेजारी माझ्या माहेरचा सांगावा घेऊन आला. तुझ्या आईला उठवत नाही, पोरीचं नाव घेते. एवढंच. मी तो सांगावा चुलीपुढे बसून ऐकला आणि भाकरी जाळली. आत्याबाईंनी जळकी भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. त्या वाईट नव्हत्या. या लेखात कुणीच वाईट नाही, आणि माझी अडचण तीच आहे.

मी धीर करून विचारलं, जाऊन येऊ का? त्या म्हणाल्या, "मुऱ्हाळी आल्याबिगर लेक जाती व्हय कुटं? आनि घरात लगीन. गजरीचं पार पडू दे, मग चार दिस जास्त ऱ्हा."

गजरा माझी धाकटी नणंद. तिचं लग्न गुरुवारी, गोरज मुहूर्तावर. पाव्हणे मोठे होते, मोठ्या मिनतवारीने जुळलेली सोयरीक. घरात सून एकटी मीच. हळद दळायची मी, रुखवताच्या करंज्या मी, पाव्हण्यांच्या घागरी मी. काम करता करता मी एकच हिशेब घालायची, की माझा भाऊ, दादा, न्यायला येईल. लग्नात येईल, नाहीतर आधी येईल. आला की मी त्याच्याबरोबर जाईन, आईच्या उशाशी बसेन, ती मला एकदा नीट बघेल. याहून जास्त मला काही नको होतं. परसातल्या बुटक्या भिंतीवरून चाकणच्या अंगाची वाट थोडीशी दिसायची. राख टाकायला म्हणून मी दिवसातून दहा वेळा परसात जायची. एवढी राख कुठल्याच चुलीची होत नाही. आत्याबाईंनी ते ओळखलं होतं, पण कधी टोकलं नाही.

सोमवारी गजरीला हळद लागली. अंगण बायकांनी भरलेलं, मांडवावर जांभळीचे डहाळे ताजे, उन्हात त्यांचा हिरवा वास. दुपार कलताना मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कुणीतरी वेशीकडे बोलावून नेलं. ते घटकाभराने परत आले, मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले आणि मग आत येऊन घोंगडीवर बसले. मला वाटलं, ऊन लागलं. मी तांब्या दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळपासून सगळं गाव माझ्याशी चांगलं वागायला लागलं.

हे कसं सांगू? जी जाऊबाई चुलतसासऱ्यांच्या घरून येऊन माझ्या करंज्यांना नावं ठेवायची, ती म्हणाली, तू बस, मी तळते. आत्याबाईंनी माझ्या भाकरीवर लोणी ठेवलं, आणि ठेवताना त्यांचा हात थोडा थांबला. विहिरीवर गेले तर बायकांनी मला पुढे घेतलं, माझी घागर आधी भरली, आणि मी येताच बोलणं थांबलं. हलिमाबी बांगड्या भरायला आली. गजरीच्या हातात हिरवा चुडा चढवला, मग माझा हात घेतला. एरवी तोंडाचा पट्टा चालू ठेवणारी बाई त्या दिवशी खाली मान घालून एकेक बांगडी चढवत होती. हात जराही दुखवला नाही. मी म्हटलं, हलिमाबी, आज बातम्या नाहीत का? ती म्हणाली, "आज न्हाईत, पोरी."

आमचे हे तेव्हा बावीस वर्षांचे. मितभाषी माणूस, पण मांडवात उभे राहून माझ्याकडे सारखे बघत. मी जवळून गेले तर दुसरीकडे जात. मी त्यांना विचारलं, लग्न झालं की मला माहेरी पाठवाल ना? ते म्हणाले, "व्हय. शुक्रवारीच." इतक्या पटकन म्हणाले की मला आनंद झाला.

मला वाटलं, मला दिवस गेले असा यांचा समज झाला असावा. नाहीतर एवढे लाड कशाला? मग वाटलं, नसेल तसं. दोन वर्षं राबले, आता मी यांची झाले. मी खूश होते. करंज्यांना मुरड घालताना गुणगुणत होते. माझी मुरड आईसारखी पडते, असं गजरीला सांगत होते, आणि गजरी, तिलाही माहीत होतं, हळदीच्या अंगाने उठून आत निघून गेली. त्या चार दिवसांतलं ते माझं सुख मला अजून माफ करता येत नाही.

आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दुःखाची बातमी घेऊन येणारा माणूस घरात पाऊल टाकत नाही. तो वेशीवर, मारुतीपाशी बसतो आणि निरोप पाठवतो. त्याला तसा बसलेला बघितला की काय झालं ते विचारावं लागत नाही. आणि दुसरी रीत अशी, की सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यावर. माणूस गेलं असलं, पण तुम्हाला कुणी सांगितलं नसलं, तर तुम्हाला सुतक नाही. तुम्ही हळद दळू शकता, अक्षता टाकू शकता. म्हणून लग्नघर असलं की मोठी माणसं बातमी वेशीवरच अडवतात. बोलू देत नाहीत. यात कुणाला फसवण्याचा हेतू नसतो. घरच्या सुनेला सुतक लागलं की मांडवाला शिवलं, आणि मुहूर्त टळला तर पुढे चातुर्मास, मग दिवाळीनंतर बघायचं, आणि तोवर सोयरे थांबतील याची खात्री नाही. एका लेकीचं लग्न वाचवायचं तर दुसरीचं रडणं चार दिवस पुढे ढकलायचं. रडणं काय, कधीही रडता येतं, असं त्यामागचं गणित.

सोमवारी मारुतीपाशी माझा दादा बसला होता.

गुरुवारी लग्न लागलं. गोरज मुहूर्त, गुरं घरी येण्याची वेळ, धुळीत सोन्यासारखं ऊन. भटजींनी "सावधान" म्हटलं की मी मूठभर अक्षता टाकायची आणि वाटेकडे बघायची. दादा आला नाही, याचा मला थोडा रागच आला होता. शुक्रवारी पहाटे वरात निघाली. गजरी रडली, आत्याबाई रडल्या, मीही रडले. धूळ खाली बसायच्या आत मामंजींनी बैल जुंपले आणि मला म्हणाले, "चल, सूनबाई. तुला पोचवतो." चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेला माणूस, लेक नुकती गेलेली, आणि स्वतः मला घेऊन निघाला. आत्याबाईंनी गाडीत भाकरी ठेवल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

भोसरी मागे पडली. मोशीपाशी इंद्रायणीत बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली. नदी खडकांमधून जेमतेम वाहत होती. मामंजी बैलाच्या मानेवर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "पोरी, तुझी आई गेली. सोमवारी तुझा भाऊ येऊन गेला. आमी तुला सांगितलं न्हाई."

पुढची वाट मला आठवत नाही. मी गाडीच्या साट्यावर, फळ्यांवर पडून रडले एवढं खरं. त्यांनी एकदाही उगी म्हटलं नाही.

आता त्या वाटेने जाताना, भाच्याच्या गाडीत काचा लावून बसलेली मी, दोन्ही बाजूंनी कारखान्यांच्या भिंती बघते. माहेरची रानं एका कंपनीच्या आवारात गेली. भाचा तिथेच शिफ्टला असतो. तो म्हणतो, आत्या, ते बघ, तिथे आपली विहीर होती. मी बघते. मला तिथे फक्त घराचं अंगण दिसतं, आणि त्यात उन्हात उभा असलेला दादा.

गाडी अंगणात शिरली तेव्हा दुपार उतरत होती. बायका धावत आल्या. मी रडतच उतरले, तर एक चुलती म्हणाली, तुला कळलं होय वाटेत? कुणी सांगितलं? मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. दादाचं डोकं ताजं भादरलेलं होतं. तो जवळ आला आणि म्हणाला, "तायडे, काल गेली गं. दिवेलागनीला. सकाळीच न्हेली."

माझ्या मागे मामंजी बैल सोडत होते. ते म्हणाले, "काल?"

दादा म्हणाला, "व्हय. काल."

मामंजी तसेच खाली बसले. अंगणात, मातीत, बैलाच्या पायाशी. बैल एक पाऊल मागे सरकला म्हणून बरं.

सगळं मग हळूहळू बाहेर आलं. सोमवारी दादा मला न्यायला आला होता. आई शुद्धीवर होती, सारखी वाट बघत होती, म्हणून तो पहाटे तिच्या उशापासून उठून तसाच चालत निघाला. वेशीवर आल्यावर त्याला मांडव दिसला आणि लक्षात आलं की सोयऱ्याच्या लग्नघरी आपण आलोय आणि हातात आहेर नाही, साधा नारळही नाही. रित्या हाताने मांडवात शिरलो तर बहिणीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. म्हणून तो मारुतीपाशी बसला आणि निरोप पाठवला, की तायडीला इकडेच बोलवा. माहेरचा माणूस मारुतीपाशी बसलाय, आत येत नाही! गावाला आणखी काय समजायचं होतं?

"मी तोंड उघडलं," दादा म्हणाला, "तर तुज्या मामंजींनी हात वर केला. म्हनले, समजलो, बोलू नगंस. हात जोडले. म्हनले, चार दिस दे, मी सोता तिला घिऊन येतो. मला वाटलं, सांगावा आधी पोचलाच हाय, त्यांना आईचं समदं ठावं हाय. वडील मानूस हात जोडतंय म्हनल्यावर मी काय बोलू?" तो परत गेला आणि त्याने आईला सांगितलं की ती शुक्रवारी येतेय. आईने मान हलवली. तिने सोमवार काढला, मंगळवार, बुधवार काढला. गुरुवारी दिवस बुडताना मात्र तिचं चाललं नाही. त्याच वेळी मी इकडे अक्षता टाकत होते.

रहाटणीत लोक तिच्यासाठी सोमवारपासून हळहळत होते. ती तेव्हा जिवंत होती आणि माझी वाट बघत होती.

तेरा दिवस मी माहेरी होते. त्या तेरा दिवसांत मी राग करायला माणूस शोधत होते. दादावर करावा तर त्याने माझीच लाज राखली. मामंजींवर करावा तर त्यांनी स्वतःच्या लेकीसाठी केलं ते माझ्या बापाने माझ्यासाठी केलं असतं. गावावर करावा तर गाव माझ्या भाकरीवर लोणी ठेवत होतं. सगळी दारं उघडी आणि प्रत्येक दारात कुणीतरी भला माणूस उभा, मी जाऊ कुठून? कुणीतरी एकजण वाईट निघाला असता तर मी सुटले असते, असं मला आजही वाटतं.

तेराव्यानंतर मामंजीच न्यायला आले. परतीच्या वाटेवर मोशीची नदी ओलांडल्यावर म्हणाले, "सूनबाई, त्याला बोलू दिलं असतं तर तू घावली असतीस तिला. मी घरी कुनाला सांगितलं न्हाई, माजं धाडस झालं न्हाई. तू सांग. तुज्या सासूला सांग, गावाला सांग. मी खाली मान घालून ऐकंन." मी मागे पडणाऱ्या नदीकडे बघत राहिले. त्यांनी बैलांना पिटाळलं नाही. गाडी फार सावकाश चालली होती.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे गावातल्या बायका भेटायला आल्या. एकेक जण जवळ बसायची, माझा हात धरायची, म्हणायची, आमी सांगितलं न्हाई गं, आमचा विलाज नव्हता. आत्याबाई चुलीपाशी डोळे पुसत होत्या. मी प्रत्येकीला मान हलवत होते आणि आतून म्हणत होते, आता सांगते, आता सांगते.

सगळ्या गेल्यावर हलिमाबी आली. टोपली बाहेर ठेवून आली होती. माझ्याजवळ बसली. मग दाराकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाली, "पोरी, एक इचारू? त्या दिशी मी मळ्याकडनं येत व्हते. तुजा भाऊ विहिरीच्या पाटाला वाकून पोटभर पानी प्याला. दुखाची खबर आनलेला मानूस गावचं पानी पीत न्हाई म्हनत्यात तुमच्यात. माज्या मनात तवाच आलं. पर मी म्हनलं, तुमच्यातलं तुमाला ठावं, मी मनेरीन, मदी काय बोलू? तवापास्नं घास उतरंना मला." तिने माझं मनगट धरलं. ती बांगडी भरताना धरायची तसंच. "खरं सांग. तवा तुजी आई व्हती का गं?"

तिची मान वाकलेली होती. साऱ्या गावात एकटीला ते दिसलं होतं, आणि बोलायचा हक्क नाही म्हणून एकटी ती गप्प राहिली होती. मी हो म्हटलं असतं तर ती ते घेऊन बाहेर पडली असती. मग आत्याबाईंच्या हातातलं लोणी, गजरीचा संसार, मामंजींचं उरलेलं आयुष्य, सगळं नासलं असतं. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये मला याच घरात, याच चुलीपुढे बसायचं होतं.

"नव्हती," मी म्हणाले. "आधीच गेली होती. दादाला तहान आवरली नाही."

हलिमाबीने मोठा श्वास सोडला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि टोपली उचलून निघून गेली. दिवस मावळायच्या आत माझं ते "नव्हती" गावभर झालं. मामंजींनी ते पारावर ऐकलं. घरी आले, पाय धुतले आणि माझ्याकडे बघून, मग खाली मान घालून चुलीपाशी थांबले. आत्याबाई ताट वाढत होत्या. ते म्हणाले, आज भूक नाही.